जुन्या ओम्नीचं आयडलिंग: आधी इंजिन तापवा, मग स्क्रू

सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला कार्ब्युरेटरवाली ओम्नी बंद पडली, की बरेच जण थंड इंजिनवरच आयडल स्क्रू, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती वेगाने फिरेल ते ठरवणारा स्क्रू, आवळतात. मग अक्कलकोटपर्यंत जाऊन इंजिन तापलं, की गाडी उभी असतानाही रेस घेतल्यासारखी घुमते आणि पेट्रोल फुकट जळतं.

आधी एअर फिल्टर काढून झटका. सोलापूरच्या धुळीत तो फार लवकर भरतो, आणि अर्धी तक्रार तिथेच मिटते. व्हॅक्यूमची नळी चिरलेली नाही ना, तेही बघा.

मग गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून उघड्यावर उभी करा. बंद शेडमध्ये हे काम मुळीच नको, धूर जीवघेणा असतो. न्यूट्रल, हँडब्रेक, चोक पूर्ण आत, दिवे बंद. पुढची सीट उचलली की इंजिन समोरच. थ्रॉटलच्या दांडीला टेकलेला आयडल स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा: आवळला की आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) वाढतो, सैल केला की उतरतो. साधारण 900 च्या आसपास ठेवा. प्रत्येक वेळी हलकी रेस देऊन सोडा, इंजिन स्थिरावू द्या. शेवटी हेडलाइट लावून बघा, गाडी दम सोडता कामा नये.

शेजारच्या, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या मिक्श्चर स्क्रूला मात्र हात लावू नका. तो फिटरकडूनच लावून घ्या.