नाकात लाल गाठ दिसली तर तुकडा काढायची घाई करू नका

घोळणा फुटणं तसं कॉमन आहे, बहुतेक वेळा दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागातली बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते आणि नाक दाबून धरलं की थांबतं. पण एकच नाकपुडी कायम चोंदलेली आणि रक्तही परत परत त्याच बाजूने, असं असेल तर दुर्बिणीने आत बघितल्याशिवाय पेशंटला घरी पाठवू नका प्लीज.

आधी वय बघा, निम्मं काम तिथेच होतं. वयात येणारा मुलगा असेल तर पहिला संशय अँजिओफायब्रोमाचा, रक्तवाहिन्यांनी भरलेली ही गाठ जवळजवळ मुलांनाच होते, कॅन्सर नसते पण नाकाच्या मागून सुरू होऊन गालामागे, डोळ्याकडे, कधी मेंदूच्या तळापर्यंत जाते. गरोदर बाई आणि पडद्यावर भराभर वाढलेली छोटी लालभडक गाठ, तर बहुधा कॅपिलरी हिमँजिओमा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची साधी गाठ. साठी-सत्तरीत ग्लोमँजिओपेरिसायटोमाही (रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशींचा ट्यूमर) डोक्यात असू द्या, हा खरंच रेअर, नाक-सायनसच्या सगळ्या ट्यूमरमध्ये ०.५ टक्क्यांहूनही कमी.

दुर्बिणीतून साधा पॉलिप (नाकाच्या अस्तराची सुजून लोंबणारी वाढ) सोललेल्या द्राक्षासारखा फिकट, ओलसर दिसतो. याउलट गाठ लाल-जांभळट, गुळगुळीत, वरून शिरा पळतायत अशी दिसली की हात मागे घ्या, प्रोबने (तपासायच्या सळईने) ढोसूनही बघू नका. ओपीडीत बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा काढणं) तर नाहीच नाही, अँजिओफायब्रोमाचा तुकडा काढला की असं रक्त सुटतं की पॅकिंग करता करता (नाकात पट्टी ठासून भरता भरता) जीव मेटाकुटीला येतो, आणि मुळात त्याचं निदान वय, लक्षणं आणि स्कॅनवरच होतं.

म्हणून आधी काँट्रास्ट (शिरेतून औषध देऊन केलेला) सीटी आणि एमआरआय. सीटीत गालाच्या सायनसची मागची भिंत पुढे वाकलेली दिसते का ते मुद्दाम शोधा, ही अँजिओफायब्रोमाची मोठी खूण. एमआरआयमध्ये गाठीत काळे ठिपके-रेघा दिसल्या तर त्या जोरात रक्त वाहणाऱ्या वाहिन्या. अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे) शक्यतो ऑपरेशनच्या १ ते ३ दिवस आधी, म्हणजे त्याच वेळी गाठीचा रक्तपुरवठा बंदही करता येतो.

बाकीच्या गाठींचं पक्कं नाव मात्र पॅथॉलॉजीतच कळतं. ग्लोमँजिओपेरिसायटोमात बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात दिसतं, तसाच दिसणारा सॉलिटरी फायब्रस ट्यूमर (वेगळीच गाठ) असेल तर स्टॅट६ या दुसऱ्या प्रथिनाची तपासणी पॉझिटिव्ह येते. त्यामुळे पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर वय, बाजू, रक्तस्राव, स्कॅनमध्ये काय दिसलं सगळं लिहा, नुसतं ‘नाकातला पॉलिप’ लिहून सॅम्पल पाठवलं तर पॅथॉलॉजिस्टने हे स्टेन (ही प्रथिनं दाखवणारे रंग) लावायचे तरी कशावरून.