अकरावीच्या पुस्तपालन वर्गात काम कसे करावे

दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या आपल्या भागातील बहुतेक मुलामुलींना पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय अकरावीतच पहिल्यांदा भेटतो. येथे सर्वांचीच पाटी कोरी असल्याने दहावीच्या गुणांचा फारसा संबंध उरत नाही आणि जो रोज वही उघडतो तोच पुढे जातो. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात, त्यात अकरावीचे प्रवेशही लांबतात. म्हणून पहिल्याच आठवड्यापासून कामाला शिस्त लावणे आवश्यक आहे.

या विषयासाठी वेगळी जाड वही ठेवावी आणि रोजकीर्दीचे (व्यवहार तारखेच्या क्रमाने प्रथम नोंदवण्याच्या पुस्तकाचे) पाच रकाने, म्हणजे दिनांक, तपशील, खातेपान (खातेवहीतील पान क्रमांक), नावे (डेबिट) रक्कम व जमा (क्रेडिट) रक्कम, घरूनच आखून आणावेत. शिक्षक फळ्यावर उदाहरण सोडवत असताना जो पट्टी घेऊन रेघा ओढत बसतो, त्याच्या कानावर स्पष्टीकरण पडते पण मनात उतरत नाही.

फळ्यावरचे उत्तर उतरवून घेणे म्हणजे अभ्यास नव्हे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. एक व्यवहार पाहा: एका कृषी सेवा केंद्राने घाऊक विक्रेत्याकडून 20,000 रुपयांचा माल 10 टक्के व्यापारी सूट व 5 टक्के रोख सुटीवर खरेदी केला आणि निम्मी रक्कम लगेच रोख दिली. व्यापारी सूट, म्हणजे छापील किमतीतूनच वजा होणारी सूट, पुस्तकात नोंदवली जात नाही, म्हणून खरेदी खाते 18,000 रुपयांनी नावे होते. रोख सूट, म्हणजे लगेच पैसे चुकते केल्याबद्दलची सूट, मात्र जी निम्मी रक्कम लगेच चुकती केली त्या 9,000 रुपयांवरच मिळते. ती 450 रुपये होते, रोख खाते 8,550 रुपयांनी जमा होते आणि उरलेले 9,000 रुपये विक्रेत्याच्या खात्यावर जमा दिसतात. अनेक जण 5 टक्के पूर्ण 18,000 वर काढतात. वर्गात हे उदाहरण समजले असे वाटले, तरी संध्याकाळी वही झाकून तेच कोऱ्या पानावर पुन्हा सोडवावे, कारण चूक तेव्हाच समोर येते. प्रत्येक नोंदीखाली स्पष्टीकरणाची ओळ लिहावी. ती लिहिता येत नसेल तर व्यवहारच समजलेला नाही, असे धरून मागे जावे.

तेरीज पत्रक, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे व जमा शिल्लकांची यादी, जुळले नाही तर रबर हातात घेऊ नये आणि शेजारच्या वहीतला आकडाही उतरवू नये. आधी दोन्ही बाजूंच्या बेरजा तपासाव्यात. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता असते. 5,400 ऐवजी 4,500 लिहिले की फरक 900 येतो. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या खात्यावर दिसत असेल, तर ते खाते चुकीच्या बाजूला गेले का, ते पाहावे. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारून वर बरोबर आकडा लिहावा, म्हणजे काय चुकले होते ते परीक्षेच्या आधी वाचता येते.

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी यांच्या दिवसांत अनेक घरांतून मुले शेतात जातात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि कोणत्याही शिक्षकाने त्यावरून बोल लावू नये. पण या विषयात प्रत्येक प्रकरण मागच्यावर उभे असते, हेही तितकेच खरे आहे. रोजकीर्द चुकलेल्याला खातेवही (रोजकीर्दीतील नोंदी खातेनिहाय मांडण्याचे पुस्तक) कळत नाही आणि खातेवही न कळलेल्याला अंतिम लेखे (वर्षअखेरचा नफा-तोटा व ताळेबंद) परके वाटतात. म्हणून सुट्टी घेण्यापूर्वी शिक्षकांना सांगावे, कोणते प्रकरण चालू राहील ते विचारून घ्यावे आणि सोबत्याकडून केवळ प्रश्न घ्यावेत. उत्तरे स्वतः काढून मगच पडताळावीत. परतल्यावर पहिल्या दोन दिवसांत शंका विचाराव्यात. गाडीची वेळ सांभाळायची असल्यास मधल्या सुट्टीत शिक्षकांना गाठावे.

घरातले कागद हे या विषयाचे उत्तम साहित्य आहे. बाजार समितीत माल विकल्यावर मिळालेली काटापट्टी व हिशोबपट्टी वडिलांच्या परवानगीने पाहावी: वजन, भाव, त्यातून वजा झालेली हमाली व तोलाई, आणि शेवटी हाती आलेला चुकारा. कास्तकाराच्या दृष्टीने ही विक्री आहे आणि तोच व्यवहार व्यापाऱ्याच्या पुस्तकात खरेदी म्हणून जातो. दोन्ही बाजूंनी नोंद करून पाहिली की नावे-जमेचा गोंधळ बराच कमी होतो.

लेखी परीक्षेच्या 80 गुणांखेरीज 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. प्रकल्पासाठी गावातील दुकानदाराकडे जाताना ओळखपत्र न्यावे, गर्दीची वेळ टाळावी, आणि त्याने दाखवलेले उधारीचे आकडे, विशेषतः कोणाकडे किती बाकी आहे ते, वर्गात किंवा गावात बोलू नयेत. प्रकल्पात खऱ्या नावांऐवजी अ, ब, क लिहावे आणि पूर्ण झालेला प्रकल्प एकदा त्या दुकानदाराला वाचून दाखवावा.