घरी बांधलेल्या बग्गीला मागचे डिस्क ब्रेक कसे बसवावेत

मालवाहू तीनचाकीचा गिअरबॉक्स आणि हब (चाक ज्यावर बसते तो फिरता भाग) वापरून बांधलेल्या बग्गीला, म्हणजे शेता-चिखलात चालवायच्या उघड्या चारचाकीला, मागे ड्रम ब्रेकच पुरेसे आहेत, असा सल्ला आपल्याकडच्या गॅरेजांत आजही दिला जातो आणि तो मला मुळीच मान्य नाही. विदर्भातल्या काळ्या जमिनीवर पावसाळ्यात एखादा नाला ओलांडला की ड्रममध्ये पाणी आणि गाळ शिरतो, आणि हा गाळ वाळल्यावर ड्रम व लायनर (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा थर) या दोहोंना पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. डिस्क उघडी असल्यामुळे दोन-तीनदा ब्रेक दाबताच ती पुसली जाते. फक्त कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने दाबणारा भाग) आणि चाकाची रिम यांच्यामध्ये बोटभर तरी मोकळी जागा ठेवावी. एरवी चिखल आणि पऱ्हाट्यांचे तुकडे तिथे अडकून ब्रेकची नळी तोडतात.

जुन्या छोट्या कारच्या पुढच्या चाकांचे कॅलिपर आणि डिस्क या कामाला उत्तम चालतात. ड्रम उतरवावा, डिस्क हबच्या छिद्रांना जुळेल असा अडॅप्टर लेथवर करून घ्यावा आणि खाली सांगितलेले वेल्डिंग व लेथचे काम झाल्यावर बेअरिंग नवे टाकावे. बेअरिंगमध्ये किंचितही खेळ असेल तर पुढची सगळी मापे खोटी येतात.

खरे काम आहे ते कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटचे. मला सर्वांत जास्त झुंजवले ते याच टप्प्याने, आणि सर्वांत वाईट सल्लाही याच टप्प्यावर मिळतो. ‘कॅलिपर डिस्कवर ठेवा, मापाची पट्टी वेल्ड करा, थोडेफार इकडेतिकडे झाले तर कॅलिपर स्वतःच सरकून घेतो,’ असे सांगितले जाते. यातले अर्धेच खरे आहे. पिनांवर सरकणारा कॅलिपर आत-बाहेरची चूक सांभाळून घेतो, कोनाची चूक मात्र त्याला सांभाळता येत नाही. ब्रॅकेट किंचित जरी तिरका असला तरी पॅड एका टोकाने आधी टेकतो, पाचरीसारखा झिजतो, पिना अडकू लागतात आणि पेडल दाबल्यावर घट्टपणाऐवजी लवचिकपणा जाणवतो. मग लोक हवा राहिली असे समजून पुन्हा पुन्हा ब्लीडिंग (ब्रेकच्या तेलातली हवा काढणे) करत बसतात.

वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टी ओढली जातेच, वेल्डर कितीही कसलेला असो. त्यामुळे कॅलिपर थेट वेल्ड केलेल्या पट्टीवर बसवू नये. ब्रॅकेट दोन भागांत करावा. बेअरिंग काढून टाकलेल्या हाउसिंगवर (बेअरिंग ज्यात बसते त्या न फिरणाऱ्या घरावर) आधी जाड पोलादाचे दोन कान वेल्ड करून घ्यावेत. बेअरिंग जागेवर ठेवून वेल्डिंग केल्यास करंट गोळ्यांमधून वाहतो आणि त्यांच्यावर बारीक खड्डे पडतात, ही ताकीद हलक्यात घेऊ नये. वेल्ड आपोआप थंड झाल्यावर, त्यावर पाणी न ओतता, हाउसिंग बेअरिंगच्या बोअरवरून (बेअरिंग बसायच्या छिद्रावरून) लेथला चढवून दोन्ही कानांची तोंडे एकाच सेटिंगमध्ये फेस, म्हणजे सपाट, करून घ्यावीत. म्हणजे ती डिस्कला आपोआप समांतर येतात. अकोला किंवा अमरावतीच्या एमआयडीसीतला कोणताही चांगला टर्नर हे काम करून देतो, आणि त्यासाठी गावाहून तिथवर जावे लागले तरी जावे.

त्यानंतर डिस्क आणि कॅलिपर जागेवर धरून आधी पुठ्ठ्याचा नमुना कापावा व त्यावरून १० मिमीच्या सपाट प्लेटचा ब्रॅकेट करावा. पॅडची बाहेरची कड डिस्कच्या कडेबाहेर जाता कामा नये. कॅलिपरमधली हवा काढायचा स्क्रू सर्वांत वर यायला हवा. डावा-उजवा कॅलिपर बदलला गेला तर हा स्क्रू खाली येतो आणि मग हवा कधीच पूर्ण निघत नाही. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचेच वापरावेत. शेवटी डिस्क आणि कॅलिपरचा कॅरिअर (ब्रॅकेटला बोल्टने बसणारा त्याचा स्थिर भाग) यांच्यातली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, वर व खाली मोजावी. दोन्ही टोकांत ०.१ मिमीपेक्षा अधिक फरक आला तर शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून तो काढल्याशिवाय मी पुढे जात नाही.

डिस्कचे डगमगणेही डायल गेजने पाहावे. समजा कॅलिपरचा पिस्टन ४८ मिमीचा, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचे तेल ढकलणारा) १९ मिमीचा आणि पेडलचे प्रमाण ५:१ आहे, म्हणजे पेडल ५ मिमी गेले की मास्टर सिलिंडरचा पिस्टन १ मिमी सरकतो. डगमगत्या डिस्कने मागचे दोन्ही पिस्टन ०.२ मिमी जरी मागे ढकलले, तरी पेडल जवळपास १३ मिमी अधिक खाली जाते. म्हणून ०.१ मिमीच्या आत डिस्क आणावी.

मास्टर सिलिंडर ड्रमसाठीचा असेल तर त्यात लाइनमध्ये थोडा दाब रोखून धरणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो काढावा, अन्यथा डिस्क सतत घासून तापेल. लाइन स्टीलच्या नळीची, दुहेरी फ्लेअर केलेली (टोक पसरवून दुमडलेली) असावी. तांब्याची नळी कंपनांनी कडक होऊन तडकते. ब्रेकचे तेल डॉट ३ किंवा डॉट ४ या दर्जाचेच घ्यावे. ट्रॅक्टरच्या लिफ्टचे तेल हाताशी आहे म्हणून ओतणाऱ्यांचे सगळे रबर फुगून निकामी होते. ब्लीडिंग मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरू करावे.

ड्रमबरोबर हँडब्रेकही जातो, हे अनेकांच्या शेवटी लक्षात येते. त्याची वेगळी यांत्रिक सोय करावी.

चाचणी पीक निघालेल्या सपाट वावरात करावी, नोंदणी नसलेली बग्गी डांबरी रस्त्यावर आणू नये. आधी हळू, मग वेग वाढवत, प्रत्येक वेळी जमिनीवरच्या खुणा पाहाव्यात. मागची चाके पुढच्यांच्या आधी लॉक होत असतील तर बग्गी आडवी फिरेल. तेव्हा मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घालून पुन्हा चाचणी घ्यावी. इंजिन मागे असले तरी ब्रेक लावताच भार पुढे सरकतो. पहिल्या फेरीनंतर ब्रॅकेटचे सर्व बोल्ट पाहावेत आणि आठवडाभराने पॅड काढून दोन्ही टोकांची जाडी व्हर्निअरने मोजावी. ती सारखी आली नाही तर पुन्हा ब्रॅकेटकडेच वळावे.