शेतात सापडलेल्या नाण्यांची नोंद: आधी जागा लिहा, मग नाणं उचला

जमिनीतला धातू शोधायचं यंत्र (मेटल डिटेक्टर) कोणतं घ्यावं, त्याची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तबकडी, केवढी असावी, बॅटरी किती टिकते, यावर इथं काही लिहिणार नाही. ते सगळं तुमचं झालंय असं धरतो. नाणं हातात आल्यावर काय करायचं, एवढंच सांगतो. सगळ्यात वाईट सल्ले याच बाबतीत मिळतात. पहिल्या वर्षी मीही ते ऐकले आणि शंभरावर नाणी एका बिस्किटाच्या डब्यात टाकून मोकळा झालो. तो डबा अजून घरात आहे. त्यातल्या एकाही नाण्याबद्दल मला काही सांगता येत नाही.

कुठं शोधायचं

स्वतःच्या शेतात, नाहीतर मालकाच्या लेखी परवानगीनं त्याच्या शेतात. बस्स.

‘गड्डा यात्रा संपली की होम मैदानावर यंत्र फिरव, चिल्लरच चिल्लर मिळेल’ असं सोलापुरात मला निदान दहा जणांनी सांगितलं असेल. चिल्लर असेलही, पण भुईकोट किल्ला शेजारीच आहे आणि तो संरक्षित स्मारक आहे. कायद्यानं अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढं 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथं यंत्र आणि खुरपं घेऊन उभं राहायचं आणि वर ‘छंद आहे हो साहेब’ म्हणायचं, हे चालत नाही. जुनी गढी, पांढरीचं (जुन्या गावठाणाचं) टेकाड, पडकं देऊळ, यांच्याही वाटेला जाऊ नका.

दुसरा कायदा 1878 चा, निखात निधीचा. जमिनीत दडलेली वस्तू दहा रुपयांहून जास्त किमतीची असेल तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठं आणि कोणत्या तारखेला. कळवलं नाही तर वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दहा रुपयांचा आकडा वाचून हसू येतं, पण कायदा तोच आहे. म्हणून शिवराई, ढब्बू पैसा, चांदीचा रुपया असलं काही जुनं नाणं वर आलं की ‘हे निधीत बसतं का’ याचा काथ्याकूट शेतात करत बसू नका. अर्ज लिहा, पोच घ्या. कोणी मालकी सांगितली नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक जमीनमालकाचा, हेही त्याच कायद्यात आहे. सरकारला ती वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन सरकार ती घेऊ शकतं. त्या अर्जात जे लिहावं लागतं ते सगळं माझ्या वहीच्या रकान्यांत आहे, हे पुढं दिसेलच.

कधी

मालदांडी ज्वारी निघाल्यावर, रान मोकळं असताना, सकाळी दहाच्या आत. मोहोळकडचं ऊन तुम्हाला ठाऊक असेलच.

खड्डा बुजवण्याआधी जागा लिहा

मी इथंच अडलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोबाइलवर खूण करायची, विषय संपला, असं सगळे म्हणतात. मी एक अख्खा हंगाम तसं केलं. घरी येऊन नकाशा उघडला तर चार नाणी शेजाऱ्याच्या डाळिंबात आणि एक विहिरीत. मोबाइलचं मोजमाप उघड्या रानातसुद्धा काही मीटर इकडंतिकडं होतं. दोन एकराच्या पट्टीत, जिथं सगळी नाणी एका कोपऱ्यात येतात, तिथं एवढ्या फरकानं चित्रच बदलतं.

मग बांधापासून पावलं मोजायला लागलो. हे त्याहून वाईट निघालं. पावलं सकाळी लांब पडतात आणि उन्हं चढली की आखडतात, हे एक. दुसरं म्हणजे बांध जागेवर राहत नाही. आमचा शेजारी दरवर्षी नांगरताना बोटभर बांध कोरतो. एका वर्षीचं ‘बांधापासून बारा पावलं’ पुढं कुठं गेलं ते त्याचं त्यालाच माहीत. बांधावरून मोजू नका. कोणी कितीही सांगू दे, मोजू नका.

आता मी असं करतो. हलणार नाहीत अशा दोन जागा निवडायच्या. माझ्या रानात विहिरीच्या कठड्याचा कोपरा आणि विजेचा खांब. दोन्ही शेताच्या एकाच कडेला असायला हव्यात, याचं कारण पुढं येतं. साधी लांब टेप घ्यायची. नाणं निघालं की ते खड्ड्याशेजारी ढेकळावर तसंच ठेवायचं, विहिरीपासूनचं अंतर मोजायचं, खांबापासूनचं मोजायचं आणि वहीत दोन आकडे टाकायचे. ‘वि 21.4, खां 33.0’. घरी आलेखाच्या कागदावर कंपासनं दोन कमानी काढायच्या आणि त्या जिथं छेदतात ती आपली जागा. दोन कमानी दोन ठिकाणी छेदतात, विहीर आणि खांब जोडणाऱ्या रेषेच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक. दोन्ही खुणा शेताच्या कडेला असल्या की पलीकडचा बिंदू शेताबाहेर पडतो आणि गोंधळ मिटतो. माझा पहिला खांब शेताच्या मधोमध होता. पंचवीस नोंदी करून झाल्यावर लक्षात आलं की त्यातलं कुठलं नाणं कुठल्या अंगाला होतं हेच लिहिलेलं नाही. त्या पंचवीसही गेल्या.

सेंटिमीटरच्या मागं लागू नका. नांगर-कुळवानं नाणं तसंही सरकलेलं असतं. अर्ध्या मीटरपर्यंत बरोबर असलं तरी पुरे.

खोली लिहा, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका. ‘जितकं खोल तितकं जुनं’ हे आमच्या काळ्या रानाला लागू नाही. उन्हाळ्यात रेगूर भेगाळते, भेगेत हात जातो, आणि खिशातून पडलेलं नाणं थेट खाली उतरतं. पाऊस पडला की भेग मिटते. मला एका खड्ड्यात वर पाच पैशांचं चौकोनी ॲल्युमिनियम मिळालं आणि त्याच्या वीतभर खाली ₹ चं चिन्ह असलेलं दोनचं नाणं. ते चिन्ह नाण्यांवर 2011 पासून आलं. आता जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते सांगा!

वहीत माझे रकाने असे: क्रमांक, तारीख, गट नंबर, विहिरीपासून, खांबापासून, खोली, नाणं, साल, टांकसाळीची खूण, अंदाजे किंमत, आणि शेवटी ‘कुठं गेलं’. टांकसाळीची खूण सालाखाली बघायची: पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. भिंग ठेवा. झिजलेला ठिपका आणि मातीचा कण यांत मी अजून फसतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं बायकोनंही विचारलं होतं. टेपनं मोजायला लागल्यावर दुसऱ्या हंगामाच्या शेवटी कागदावर ठिपके मांडले तेव्हा एका जागी एकोणीस ठिपके दाटले. सगळी दहा आणि वीस पैशांची ॲल्युमिनियमची नाणी. आसपास ना वाट, ना विहीर, सपाट रान. थोरल्या काकूंना कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “आरं तितं चिंच हुती की! खुरपायला आलेल्या बाया तिच्याच सावलीला भाकरी खायच्या.” कनवटीला बांधलेली चिल्लर उठता-बसता पडत गेली असणार. चिंच कधीच तोडली, बुंधाही उरला नाही. तिची सावली कुठवर पडत होती, ते माझ्या कागदावर दिसतं. बिस्किटाच्या डब्यातली नाणी यातलं काही सांगत नाहीत.

वाटणी

लोहचुंबक फिरवा. हल्लीची स्टीलची नाणी चिकटतात. पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्रात पोरं दोरीला चुंबक बांधून पैसे काढतात, ते यामुळंच. पण ‘चिकटलं म्हणजे नवं’ असं समजू नका. 1947 चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि तोही टपकन चिकटतो. तो चिल्लरीच्या ढिगात गेला तर दुकानदाराचं भलं होईल. साल वाचल्याशिवाय कुठलंही नाणं चिल्लरीत टाकू नका.

जाता जाता एक: यंत्रानं लोखंडाला आवाज देऊच नये असं लावून ठेवलं तर ही स्टीलची नाणीही गप्प बसतात. गाडीच्या चाकाच्या धावेचे तुकडे आणि बैलांच्या खुरांच्या पत्र्या निघतील, निघू देत.

तीन वाटे करा: चालणारी, बंद झालेली, आणि कळवायची. 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनात नाहीत. आठ आणे कायद्यानं अजून चालतात, दुकानदार काहीही म्हणो.

धुणं

चालणारी नाणी साबणाच्या पाण्यात, जुन्या टूथब्रशनं. संपलं.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोल्ड्रिंक यांतलं काही वापरू नका. पिवळी पाचची नाणी मी रात्रभर चिंचेत ठेवली आणि सकाळी ती गुलाबी झाली होती. आंबटानं पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर तांबं उरतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं नाणं उलटंपालटं करून बघितलं आणि परत माझ्या हातावर ठेवलं. “काय बे, घरी पाडायलास काय?”

कळवायच्या वाट्यातलं नाणं धुवायचंच नाही. पाणी नाही, ब्रश नाही, अंगठ्यानं चोळणंसुद्धा नाही. माती सुकली की आपोआप गळते. राहिली तर राहू दे, अक्षरं वाचायचं काम जाणकार करतील. कागदी पाकिटात ठेवा, वर वहीतला क्रमांक लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट तांब्याला घाम सुटतो आणि हिरवी पूड धरते.

खर्च

चालणारी नाणी मी साठवत नाही. रुपया, दोन, पाच यांच्या शंभर-शंभरच्या पिशव्या करतो आणि बँकेत भरतो. बँकांनी नाणी घ्यावीत अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे आणि शंभरच्या पिशव्या त्यांनाही सोयीच्या पडतात. रोखपाल तोंड वाकडं करतो, करू दे. पण महिनाअखेरीच्या गर्दीत जाऊ नका. एका व्यवहारात रुपया व त्यावरची नाणी 1000 रुपयांपर्यंत आणि आठ आणे दहा रुपयांपर्यंतच कायदेशीर देणं धरलं जातं, म्हणून किराण्याचं मोठं बिल चिल्लरीनं भागवायला जाऊन वाद घालू नका. दहाचं नाणं ‘चालत नाही’ म्हणणारे अजून भेटतात. रिझर्व्ह बँकेनं 2018 साली दहाच्या नाण्याचे चौदा नमुने वैध असल्याचं सांगितलं होतं. ते पत्रक मी मोबाइलमध्ये ठेवलंय. वाद घालत नाही, नुसतं दाखवतो.

इतक्या हंगामांत यातून बॅटरीचा खर्चसुद्धा सुटलेला नाही. कमाईसाठी घेणार असाल तर यंत्र घेऊ नका.

बंद झालेली नाणी जागेनुसार वेगवेगळ्या पाकिटांत ठेवतो. विहिरीजवळची वेगळी, पाणंदीकडची वेगळी. चिंचेच्या पाकिटातली वीस पैशांची दोन षटकोनी नाणी काकूंनी मागून घेतली आणि देवघरातल्या डबीत टाकली. वहीत त्या दोन क्रमांकांपुढं शेवटच्या रकान्यात लिहिलंय: ‘काकूंना दिली.’