राउटर आपोआप रीस्टार्ट होत होता, नवा घ्यावा लागला नाही

लक्षण: वायफाय मध्येच गायब, राउटरचे सगळे दिवे विझून पुन्हा लागायचे. घरातले सगळे एकदम ऑनलाइन आले की हमखास. फॅक्टरी रीसेट, फर्मवेअर अपडेट, चॅनेल बदलणं, सगळं करून झालं. डोक्याला नुसता ताप.

सगळे दिवे विझतात म्हणजे आधी अडॅप्टरवर (राउटरच्या चार्जरवर) संशय घ्या. इंटरनेटची लाइन गेली तर फक्त इंटरनेटचा दिवा बदलतो.

राउटरखालचं लेबल वाचा: इथे 12 व्होल्ट, 1 अँपिअर, पिनच्या मधोमध प्लस. अडॅप्टर राउटरला न जोडता मोजला तर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) 12 दाखवतो, त्यावर जाऊ नका. आतला कपॅसिटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) सुकला असेल तर लोड आल्यावरच, म्हणजे राउटर जास्त वीज ओढायला लागल्यावरच, व्होल्टेज कोसळतं. तेवढ्याच व्होल्टचा, त्याच पिनचा अडॅप्टर लावा. 1 च्या जागी 2 अँपिअर बिनधास्त चालतो. रीस्टार्ट तिथेच थांबले.

मग लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजा. प्लॅन 200 एमबीपीएसचा आणि आकडा 94च्या आसपास अडकला, तर राउटरचे पोर्ट (केबल लावायच्या जागा) 100 एमबीपीएसचेच असू शकतात. पण आधी केबल बदलून बघा, आतली एक तार तुटली तरी हाच आकडा येऊ शकतो. पोर्टच 100चे निघाले किंवा कंपनीने सुरक्षा अपडेट बंद केले, तरच नवा राउटर घ्या.