वाचनालयात श्री श्रींच्या कवितेची संध्याकाळ कशी आखावी

खानदेशातील तालुक्याच्या वाचनालयात परभाषेतील कवीवर कार्यक्रम ठरला की वक्ता जन्मसालापासून सुरुवात करतो आणि कवितेपर्यंत येईस्तोवर मागच्या रांगा उठू लागतात. तेलुगूतील क्रांतिकारी कवी श्री श्री, म्हणजे श्रीरंगम श्रीनिवासराव (१९१०–१९८३), यांच्यासाठी हा क्रम उलटा ठेवावा. आधी कविता, मग चरित्र.

सुरुवातीला ‘देशचरित्रलु’ घ्यावी. राजांच्या लढायांनी भरलेल्या इतिहासापुढे उभा राहून कवी विचारतो, की ताजमहालासाठी दगड वाहणारे मजूर कोण होते. या प्रश्नाला प्रस्तावना लागत नाही. त्यानंतर ‘प्रतिज्ञा’ वाचावी. तिचा आरंभच शेताच्या नांगरटीपासून होतो, त्यामुळे तिचा आशय एखाद्या जाणत्याने अहिराणीत सांगितला तर कापूस-केळी पिकवणाऱ्या श्रोत्यांना ती परकी वाटणार नाही. मूळ कविता मात्र तेलुगूतच म्हटली जावी. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावी रेल्वेतील मंडळींकडे चौकशी केल्यास तेलुगूभाषक वाचक मिळू शकतो. न मिळाल्यास ध्वनिमुद्रण लावावे. मराठी अनुवाद साध्या गद्यात वाचला तरी चालतो, ओढूनताणून यमक जुळवलेला नको.

मग वक्त्याने पार्श्वभूमी सांगावी, आणि येथे धरणगावचे बालकवी उपयोगी पडतात. निसर्गात आणि हुरहुरीत रमणारी जी कविता आपण त्यांच्यामुळे ओळखतो, तिच्याशी नाते सांगणारे ‘भावकवित्वम्’ तेलुगूत देवुलपल्ली कृष्णशास्त्री यांच्या काळात बहरले होते. श्री श्रींचा ‘प्रभव’ (१९२८) हा आरंभीचा संग्रह जुन्याच वळणाचा होता. पुढे मंदी आणि बेकारीच्या दशकात त्यांनी वृत्तांची चौकट मोडून चालत्या मोर्चाच्या ठेक्यात श्रमिकांची कविता लिहिली.

तारखांचा घोळ मात्र होऊ देऊ नये. श्री श्रींच्या ‘महाप्रस्थानम्’ या संग्रहातील बहुतेक कविता १९३०च्या दशकातील आहेत, पुस्तक १९५० साली आले, आणि ज्या विप्लव रचयितल संघम्‌चे, म्हणजे क्रांतिकारी लेखकांच्या ‘विरसम’चे, ते पहिले अध्यक्ष झाले ती संघटना १९७० साली स्थापन झाली. १९६७च्या नक्षलबारी उठावानंतरच्या वातावरणातून या कविता उपजल्या असे कोणी व्यासपीठावरून सांगू लागल्यास सूत्रसंचालकाने तिथेच दुरुस्ती करावी.

चित्रपटगीतांना कमी लेखण्याची वाङ्मयीन सवय येथे बाजूला ठेवावी, कारण ‘अल्लूरी सीताराम राजू’ (१९७४) मधील गीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि तेलुगू घराघरांत त्यांचे शब्द पोहोचले ते पुष्कळसे याच वाटेने.

अनुवादाची पुस्तिका छापायची असेल तर वारसदारांची किंवा प्रकाशकांची लेखी परवानगी आधी घ्यावी. भारतीय कायद्यानुसार या कवितांवरील स्वामित्वहक्क २०४३ अखेरपर्यंत टिकून आहे.