जुन्या गाडीचे ब्रेक पॅड निवडताना या चुका टाळा

गाडी नवी असताना ब्रेक पॅड मागवायचे, तर मॉडेल आणि वर्ष सांगितले की काम बहुधा भागते. गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली, की हीच माहिती अपुरी पडू लागते. मधल्या काळात एखादा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदललेला असतो, डिस्क (चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी) झिजून पातळ झालेली असते, आणि आधीच्या मालकाने कोणत्या प्रतीचे पॅड बसवून घेतले होते याची नोंद कुठेच नसते. म्हणून खरेदीपूर्वी कागदपत्रे बाजूला ठेवून चाक उतरवावे आणि आत प्रत्यक्ष काय बसले आहे ते पाहावे. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका ही एक पायरी गाळल्यामुळे होतात.

केवळ मॉडेल आणि वर्ष पाहून पॅड मागवणे

एकाच मॉडेलवर कंपनीनेच वेगवेगळ्या उत्पादकांचे कॅलिपर बसवल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. फोक्सवॅगन गोल्फच्या दुसऱ्या पिढीच्या गाड्यांपैकी काहींवर गर्लिंगचे कॅलिपर आहेत, तर काहींवर टेव्हिसचे, आणि त्यांचे पॅड एकमेकांच्या जागी चालत नाहीत. त्यामुळे जुना पॅड बाहेर काढून नव्याशेजारी ठेवावा आणि बॅकिंग प्लेटचा (पॅडमागील धातूच्या पट्टीचा) आकार, दोन्ही टोकांचे कान, प्लेटची जाडी, स्प्रिंग क्लिपची जागा आणि असल्यास सेन्सरच्या वायरची खाच ताडून पाहावी. मात्र आधीचा पॅडही चुकीचा असू शकतो. तो ब्रॅकेटमध्ये (पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीत) खडखडत असेल किंवा डिस्कच्या कडेबाहेर डोकावत असेल, तर त्याला नमुना न मानता कॅलिपरवरील उत्पादकाचे नाव आणि डिस्कचा व्यास यांवरून शोध घ्यावा.

नवा पॅड ब्रॅकेटमध्ये घट्ट बसतो म्हणून त्याच्या कानांवर कानस चालवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. पॅड योग्य असेल, तर घट्टपणाचे कारण बहुधा ब्रॅकेटवर क्लिपखाली साचलेला गंज असते. क्लिप काढून तो गंज खरवडला की पॅड हाताने सरकतो. कान घासलेला पॅड मात्र पुढे कायम खडखडत राहतो.

‘जरा भारीतले’ पॅड निवडणे

सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आहेत. ऑरगॅनिक पॅड मऊ असतात, थंड असतानाही चांगले पकडतात, डिस्क कमी झिजवतात आणि आवाजही कमी करतात. पण ते स्वतः लवकर झिजतात, आणि लांब उतारावर फार तापले की त्यांची पकड कमी होते. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता चांगली सोसतात, पण काळी धूळ आणि डिस्कची झीज वाढवतात. सिरॅमिक पॅड शांत असतात आणि त्यांची धूळ हलकी असते. शर्यतीसाठी बनवलेले पॅड चांगले तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत, आणि रोजच्या वापरात ते तेवढे तापण्याची वेळ क्वचितच येते. पहिल्याच चौकात थांबताना गाडी अपेक्षेपेक्षा पुढे गेली, तर या महागड्या पॅडचा उपयोग काय?

जुन्या गाडीत या निवडीला अधिक वजन असते. काही जुन्या गाड्यांना ब्रेक बूस्टर नसतो, म्हणजे सगळा जोर पायालाच लावावा लागतो. अशा गाडीत थंड असताना कमी घर्षण देणारा कडक पॅड बसवला, तर पेडल दगडासारखे जड वाटते. दुसरा प्रश्न पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधील समतोलाचा आहे. एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत फक्त मागे जास्त पकडीचे पॅड घातले, तर जोरात ब्रेक दाबताच मागची चाके आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. म्हणून कंपनीने मुळात दिलेल्या प्रतीच्या जवळचाच पॅड निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही प्रत ओळखण्यासाठी काही पॅडच्या कडेवरील सांकेतिक ओळीच्या शेवटी दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर थंड अवस्थेतील घर्षण दाखवते आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतील. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ इतका घर्षणांक. ही अक्षरे टिकाऊपणाबद्दल काहीच सांगत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक ९० ची मान्यता असलेला पॅड मिळत असेल, तर तो घेणे सोयीचे, कारण त्याची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते.

डिस्क आणि कॅलिपर न तपासणे

डिस्कवर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. जाडी त्याखाली गेली असेल, तर कोणताही पॅड घालून उपयोग नाही. डिस्कच्या बाहेरच्या कडेला उंचवटा तयार झाला असेल, तर नवा पॅड त्यावर टेकून आवाज करतो आणि पूर्ण पृष्ठभागावर बसत नाही.

काढलेल्या पॅडची झीज नीट वाचावी. एकाच चाकातला आतला पॅड संपला आणि बाहेरचा निम्मा उरला असेल, तर बहुधा स्लायडर पिन (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या) जाम झालेल्या असतात. पॅड तिरका झिजला असेल, तरी संशय तिथेच घ्यावा. पिन साफ करून त्यांना ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावावे, कारण साध्या खनिज ग्रीसने रबर फुगते. हे न करता पॅड बदलले, तर नवा जोडही त्याच पद्धतीने संपतो. पॅड नेहमी एका अ‍ॅक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या) दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत.

वर्षानुवर्षे पडून राहिलेला जुना माल घेताना बॅकिंग प्लेट आणि घर्षण थर यांच्या सांध्यावर गंज किंवा फट दिसते का, ते पाहावे. दिसल्यास तो पॅड वापरू नये. फार जुन्या पॅडमध्ये आणि ड्रमच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकते. युरोपीय संघात त्यावर २००५ पासून बंदी आहे, पण जुन्या गाडीतील धूळ त्याआधीची असू शकते. ती हवेच्या दाबाने कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

पॅड दाबणारा कॅलिपरमधील पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलची टाकी भरून वाहू शकते, आणि हे ऑइल रंगावर सांडले तर रंग उतरतो. ज्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असते, त्यातील पिस्टन बहुधा फिरवत आत न्यावा लागतो. क्लॅम्पने दाबल्यास आतील यंत्रणा मोडते. गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहावे, नाहीतर पहिला ब्रेक रिकामाच जातो. पेडल तरीही मऊ राहिले, तर पॅडला दोष देण्याआधी सर्किटमधील हवा काढावी.

ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढली जाते का? दुसऱ्या बाजूचा पिस्टन अडकलेला असू शकतो, किंवा पॅडवर ग्रीस लागलेले असू शकते. असा पॅड घासून वा जाळून वाचवण्याचा प्रयत्न करू नये. ब्रेक सोडल्यावरही एक चाक तापत राहिले, तर रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी) आतून सुजून दाब अडवत असल्याची शक्यता तपासावी. जुन्या गाडीत हा दोष अनेकदा नजरेतून सुटतो, कारण होज बाहेरून धडधाकट दिसतो.

नवे पॅड डिस्कशी जुळेपर्यंत पहिले २०० ते ३०० किलोमीटर विनाकारण कचकचून ब्रेक मारू नये. एवढे अंतर कापल्यावर एकदा चाक उतरवून चारही पॅडची झीज सारखी आहे का ते पाहावे. आतला आणि बाहेरचा पॅड इतक्यातच वेगळे दिसू लागले, तर स्लायडर पिन पुन्हा उघडाव्यात.